म्हशीसकट फोटो काढा!

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं किती? सहा. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईतलं संजय गांधी. आता यातली मराठवाड्यात किती, ते मोजा. झालं मोजून? शून्य.

त्यामुळं तुम्ही उमरगा, लोहारा, निलंगा, औसा अशा कुठल्या गावात राहत असाल, आणि कुणाच्या तरी नॅशनल पार्क ट्रिपचं रील बघून 'आपल्याला हे कधी जमायचं?' असं वाटत असेल, तर तुमचं काही चुकत नाही. जंगल सफारीचा हिशोब मांडून बघा. जिप्सी, गेटची फी, गाइड, राहणं, प्रवास. वर वाघ दिसेल याची गॅरंटी नाही. आणि वाघ दिसलाच तर शेजारच्या जिप्सीतल्या काकांच्या हातात तोफेएवढी लेन्स, आपल्या हातात मोबाइल. मूडच जातो.

पाणथळ जागांचं गणित वेगळं आहे. पाणथळ म्हणजे तळं, धरणाचं बॅकवॉटर, दलदल, खाडी, जिथं पाणी आणि जमीन एकमेकांत मिसळते ती जागा. तिथं बहुतेक वेळा चालत जाता येतं. उघडं रान असतं, त्यामुळं लांबून दिसतं. आणि एका सकाळी वीस-पंचवीस जातींचे पक्षी सहज भेटतात. येत्या २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन आहे. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागा वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या करारातल्या यादीत महाराष्ट्राच्या तीन जागा आहेत: नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, बुलढाण्याचं लोणार आणि ठाण्याची खाडी. पहिल्या दोन २०२० मध्ये जाहीर झाल्या, तिसरी २०२२ मध्ये. म्हणजे हे सगळं अगदी ताजं आहे.

आणि आपल्याकडं? उमरगा तालुक्यात तुरोरी, जकापूर, बेनितुरा असे मध्यम प्रकल्प आहेत. माकणीला निम्न तेरणाचं मोठं धरण आहे. नळदुर्गात किल्ल्याच्या पोटातून बोरी नदी जाते. शिवाय गावोगावचे पाझर तलाव वेगळेच. यातली एकही जागा कुणी पक्ष्यांसाठी बांधलेली नाही. शेतीसाठी, पिण्यासाठी बांधली आणि पक्षी आपले आपण आले. भरतपूरचीही गोष्ट थोडीफार अशीच आहे, आणि ती मला तिथं जाऊन आल्यावर खरी कळली.

उमरगा ते भरतपूर

गेल्या डिसेंबरात आम्ही कॉलेजचे सहा जण राजस्थानातल्या भरतपूरला गेलो. तिथलं केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणजे देशातल्या पक्षी फोटोग्राफरांची पंढरी. उमरग्याहून जायचं तर एसटीनं सोलापूर, तिथून कर्नाटक एक्स्प्रेसनं मथुरा आणि पुढं तासाभराचा रस्ता. स्लीपरचं तिकीट काढलं, डब्यात धपाटे आणि शेंगाचटणी. विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडण्यासारखी राष्ट्रीय उद्यानाची ट्रिप असेल तर हीच, असं माझं ठाम मत झालंय. कारण केवलादेवमध्ये जिप्सी लागत नाही. भाड्याची सायकल घ्यायची, नाहीतर सायकलरिक्षा, नाहीतर सरळ चालायचं. उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं आहे, आणि मधून जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी. सायकल झाडाला टेकवायची आणि फोटो काढायचा. चित्रबलाक बाभळीवरच्या घरट्यातल्या पिलांना भरवत असतात, ते रस्त्यावरून दिसतं. तिथले रिक्षावालेच गाइड. आमच्या रिक्षावाल्या चाचांनी नुसत्या आवाजावरून घुबड दाखवलं, ते आम्हाला पुढची पाच मिनिटं दिसत नव्हतं.

पण हे उद्यान 'निसर्गानं' बनवलेलं नाही. अठराव्या शतकात भरतपूरच्या राजांनी अजान बांध घातला. पुढं त्या पाण्यावर बदकं येतात म्हटल्यावर संस्थानिकांनी तिथं शिकारीसाठी तळी आखली. केवलादेवाच्या देवळाजवळ दगडावर शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हॉइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीनं एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. आज लोक त्या दगडापाशी सेल्फी काढतात. मी त्या दगडाचा साधा, सरळ, आकडा वाचता येईल असा फोटो काढला. ट्रिपमधला माझा सगळ्यात कमी लाइक मिळालेला फोटो तोच आहे.

आता म्हशींची गोष्ट. केवलादेव १९८१ मध्ये रामसर यादीत गेलं. ओडिशातलं चिलिका आणि हे, भारताची पहिली दोन नावं. १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. मधल्या काळात, १९८२ मध्ये, राष्ट्रीय उद्यान झालं म्हणून आजूबाजूच्या गावांच्या म्हशींना चराई बंद केली. मोठा संघर्ष झाला, गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. आणि पुढं काय झालं? म्हशी चरायच्या थांबल्या तसं पाण्यातलं गवत माजलं. तळ्याचं उघडं पाणी गवतानं भरून जायला लागलं, बदकांना पोहायला जागा कमी पडू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं अभ्यास करून हे मांडलं की म्हशी त्या तळ्याचाच एक भाग होत्या.

हे वाचलं ना, तेव्हा मला आमच्याकडचे लोक फोटो कसे काढतात ते आठवलं. तळ्यावर एक सुंदर शराटी उभा असतो. शेजारी म्हैस बसलेली. मागं मोटारीचा पाइप पाण्यात सोडलेला. आणि फोटोग्राफर म्हैस फ्रेमबाहेर ठेवायला, पाइप लपवायला उकिडवा बसून आटापिटा करतो. नाहीच जमलं तर एडिटमध्ये पुसतो. शेवटी जो फोटो तयार होतो त्यात एक पक्षी आणि मागं धुरकट हिरवं. तो पक्षी जकापूरला होता, केवलादेवला होता की टांझानियात, काही कळत नाही.

माझं म्हणणं असं, की म्हशीसकट काढा. पाइपासकट काढा. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारे भोई, काठावरची गाळपेरीची ज्वारी, पाण्यात अर्धी बुडालेली बाभळ, सगळं येऊ द्या. पक्षी फ्रेममध्ये छोटा दिसेल. दिसू दे. मोठ्या लेन्सवाल्याला जे जमतं ते त्याला करू द्या. ही फ्रेम त्याच्या लेन्समध्ये मावतच नाही, तुमच्या मोबाइलमध्ये मावते.

एकाच दगडावरून बारा महिने

पाणथळ जागेची खरी गंमत म्हणजे ती दर महिन्याला वेगळी असते. मराठवाड्यातली तर जास्तच. सप्टेंबरात सांडव्यावरून पाणी पडत असतं, तेव्हा पक्षी विखुरलेले असतात, तळ्यावर गेलात तर टिबुकल्या आणि पाणकावळे सोडून फारसं कुणी भेटत नाही. पाणी उतरायला लागलं, काठाला चिखल उघडा पडला, की शेकाटे, तुतारी, धोबी हजर. चिखलातले किडे, गोगलगाई हे त्यांचं ताट. म्हणजे तळं अर्धं रिकामं होतं तेव्हा फोटोग्राफरसाठी ते भरतं. उजनीवर फ्लेमिंगो, आपले रोहित, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला दिसतात तेही पाणी ओसरून उथळ जागा तयार झाल्यावर. जानेवारी-फेब्रुवारीपासून पुढं उन्हाळ्यापर्यंत. पाणी फारच खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर वर येतं. तो फोटो सुंदर असतो आणि त्याच वेळी सोलापूर जिल्ह्याच्या काळजाचा ठोकाही चुकलेला असतो.

म्हणून एक काम सुचवते, फुकटातलं. तुमच्या गावच्या तलावाच्या भराव्यावर एक दगड ठरवा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला त्याच दगडावर उभं राहून, मोबाइल आडवा धरून, तोच फोटो काढा. झूम नाही, फिल्टर नाही. तारीख लिहून ठेवा. वर्षाचे बारा फोटो शेजारी शेजारी लावून बघा, पाणी कसं येतं-जातं आणि त्याच्याबरोबर कोण येतं-जातं ते दिसेल. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यानं पूर बघितला. या दोन्ही वर्षांत तुमच्या गावचं तळं नेमकं कसं होतं, याचा फोटो कुणाकडं आहे? विचारून बघा. लग्नाचे अल्बम निघतील, तळ्याचा एकही फोटो निघणार नाही.

केवलादेवला हेच शिकायला मिळतं. तिथल्या सायबेरियन क्रौंचांचे जुने फोटो लोक आजही दाखवतात. दर हिवाळ्यात येणारे ते पांढरेशुभ्र पक्षी २००२ नंतर तिथं दिसलेच नाहीत. ज्यांनी आधी फोटो काढले त्यांना तेव्हा माहीत नव्हतं की आपण शेवटचं काहीतरी टिपतोय. उद्यानालाही मध्यंतरी वाईट दिवस आले, वरच्या बाजूच्या पांचना धरणातून पाणी येईना, तळी कोरडी पडली. पाणी राजकारणातून सुटून यावं लागतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायची गरज नाही!

आता कॅमेऱ्याचं बोलू

हा भाग वाचायला तुम्ही थांबला असाल, माहितीये मला. तर, मोबाइल असेल तर जमीन-पाणी-आभाळ काढा, पक्ष्याच्या मागं लागू नका. मोबाइलचा डिजिटल झूम म्हणजे फोटोचा चिवडा. दुर्बीण मिळाली तर तिच्या भिंगाला मोबाइल टेकवून ओळखीपुरता फोटो निघतो. सेकंडहँड डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स जुगाडता आली तर पाणपक्ष्यांचं निम्मं काम भागतं, कारण तळ्यावर उजेड भरपूर असतो. ट्रायपॉडवर पैसे घालू नका. आजीच्या जुन्या उशीचा अभ्रा घ्या, त्यात दोन किलो ज्वारी भरा, तोंड शिवा. सायकलच्या सीटवर, दगडावर, भराव्यावर ठेवा आणि वर लेन्स टेकवा. शहरात याला बीनबॅग म्हणतात आणि पैसे घेतात.

उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० च्या आसपास, बसलेल्यासाठी १/५०० चालतं. पांढरा बगळा गडद पाण्यावर असेल तर कॅमेरा फसतो, बगळ्याचं पीठ करतो, पिसं दिसतच नाहीत. तेव्हा एक्स्पोजर थोडं मायनसमध्ये घ्या. पाणकावळा चमकत्या पाण्यावर असेल तर उलटं, प्लसमध्ये. आणि झोपा. म्हणजे काठावर पोटावर झोपा. उभं राहून काढलेला फोटो आणि पाण्याच्या पातळीवरून काढलेला फोटो, यात लेन्सपेक्षा जास्त फरक पडतो. कपडे खराब होतात, त्याची तयारी ठेवा. बेशरमाच्या झुडपाआड बसलात तर शेकाटे स्वतःहून पंधरा-वीस फुटांवर चरत येतात. अर्धा तास हलायचं नाही, एवढीच फी.

वाऱ्याची एक ट्रिक आहे. पक्षी उडताना वाऱ्याकडं तोंड करून झेपावतात. हिवाळ्यात आपल्याकडं सकाळचा वारा बहुतेक पूर्वेकडून असतो. म्हणजे सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर पाठीला ऊन आणि पाठीला वारा घेऊन बसलात, तर चक्रवाकाची जोडी उडताना तुमच्याकडंच येते, उजेडात. हे कळल्यापासून पक्ष्यांच्या पाठीचे फोटो काढणं बंद होतं.

पक्ष्याला उडवायचं मात्र नाही. यावर मी भांडायला तयार आहे. बॅकवॉटरला होडीवाल्याला जादा पैसे देऊन थव्यात होडी घालायला लावणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. 'उडतानाचा शॉट पाहिजे' म्हणून. रोहित डोकं खाली घालून गाळातून अन्न गाळत असतात, दिवसभर तेच काम. दर होडीला उडायला लागलं तर खाणार कधी? पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून इथं येतात आणि उन्हाळ्याआधी तो पुन्हा ओलांडायचा असतो. त्यांना इथं अंगावर चरबी चढवायची असते, आपल्या रीलसाठी कवायत करायची नसते. कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकून जवळ बोलावण्याचा खेळही असाच. होडीवाल्या दादांना आधीच सांगा, 'लांब थांबवा, घाई नाही.' ते खूश होतात, डिझेल वाचतं. त्यांतले बरेच जण मच्छीमार घरांतले आहेत, पाणी आणि पक्षी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतात.

घरटी तर सोडाच. उन्हाळ्यात टिटवी काठाच्या उघड्या खड्यांवर अंडी घालते, ती खड्यांसारखीच दिसतात. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजायचं, आपण नको तिथं आलोय, आल्या पावली मागं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरट्यांना, अंड्यांना धक्का लावणं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी, भर उन्हात अंड्यांवरून पक्षी पाच मिनिटं उठला तर आत काय शिजतं, याचा विचार करा.

काढलेले फोटो हार्डडिस्कमध्ये कुजवू नका. ईबर्ड नावाचं मोफत अॅप आहे, त्यात कुठं, कधी, कोणता पक्षी, किती, हे नोंदवता येतं आणि फोटो जोडता येतो. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. फेब्रुवारीत कॅम्पस बर्ड काउंट असतो, त्यात कुठल्याही कॉलेजचं पोरगं-पोरगी भाग घेऊ शकतं. नकाशावर पुण्या-मुंबईभोवती नोंदींची गर्दी असते आणि आपला धाराशिव जिल्हा बराचसा मोकळा दिसतो. तिथं पक्षी नाहीत म्हणून नव्हे. तुमचा म्हशीसकटचा फोटो इथं कामाचा ठरतो, कारण त्यात जागा दिसते, पाणी दिसतं, तारीख असते.

'कशाला जायलीस पहाटं?'

मुलींसाठी चार ओळी वेगळ्या. पक्ष्यांची वेळ पहाटेची, आणि आपल्या घरी पहाटे तळ्यावर जाते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'एकटी कशाला जायलीस?' आमच्या आईचा तर दुसरा प्रश्नही ठरलेला असायचा, 'पाखरं दुपारी नसतेत का?' यावर मी काढलेला उपाय म्हणजे तिलाच घेऊन गेले. भराव्यावर चहाचा थर्मास घेऊन बसली. तासाभरात तिनं मला चार पक्ष्यांची आमच्या शेतावरची नावं सांगितली, जी एकाही पुस्तकात मिळाली नव्हती. मग मावशी यायला लागली. भाऊ, मैत्रीण, शेजारच्या काकू, कुणीही चालेल, पण दोघी-तिघी जा. तलावाच्या राखणदाराला, जवळच्या वस्तीवरच्या लोकांना आधी ओळख सांगा. गळ्यात कॅमेरा बघून 'मोजणीवाले आले का?' असं विचारतात, जमीन जाणार की काय ही भीती असते. फोटो दाखवा, मोबाइलवर त्यांच्या म्हशीचा पाठवून द्या. पुढच्या वेळी तेच सांगतात, 'पोरी, पल्याडच्या अंगाला लाल चोचीचं काहीतरी उतरलंय बघ.'

नॅशनल पार्कची ट्रिप करूच नका, असं मी म्हणत नाहीये. करा. सुट्टीत पैसे साठले तर केवलादेवला जा, किंवा आपल्याच राज्यात गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावला, जिथं उद्यानाच्या मधोमध मोठा जुना तलाव आहे. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना तिथं राहिले आणि त्यावर त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. नांदूर मधमेश्वरला तर 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात, चापडगावच्या मनोऱ्यावरून दिसतंही तसंच. फक्त जाण्याआधी दोन-तीन महिने गावच्या तळ्यावर हात साफ करून जा. तिथं गेल्यावर वेळ सेटिंगमध्ये जात नाही, बघण्यात जातो.

आणि या आठवड्यात काय काढायचं, असं विचाराल तर भोरड्या. गुलाबी मैना, मध्य आशियातून आणि त्याही पलीकडून येतात, आपल्या ज्वारीवर तुटून पडतात, म्हणून गोफण घेऊन हाकलतो त्याच. दिवसा शेतात, पण सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी तळ्याकाठच्या बाभळींकडं थवेच्या थवे परततात. एका सोबतीला घेऊन साडेपाचपर्यंत भराव्यावर पोचा. ज्वारीची उशी दगडावर ठेवा, त्यावर कॅमेरा, शटर १/१५ पर्यंत खाली आणा. थवा वळतो तेव्हा फोटोत पक्षी वेगळे दिसत नाहीत, पाण्यावर धूर फिरल्यासारखा दिसतो. खाली घराकडं निघालेल्या म्हशी येऊ द्या. ज्वारीची काढणी उरकली की थवे पांगायला लागतात, त्यामुळं फार दिवस हातात नाहीत.